हाक मारायचं बटण

मरोळ, अंधेरी पूर्व
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय लवूमामा,

फोनवर तू "आलोच" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून ह्या वेळी ईमेल. मामीला दिलेल्या टॅबवर हे उघडेल. तिलाच वाचून दाखवायला सांग, चष्मा शोधत बसू नकोस.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. चांगली आधी. आमच्या 'पाण्याची वेळ'ला नामांकन मिळालंय! लँटर्न अवॉर्ड्स म्हणून व्हिडिओ गेमचा एक सोहळा असतो कॅनडात, जगभरचे लोक तो लाइव्ह बघतात. त्यात 'खेळाडूंची पसंती' असा एक विभाग आहे. तिथे परीक्षक नसतात, खेळणारेच मत देतात. त्यातल्या पाच नावांत आमचं नाव आहे. बाकीच्या चौघांची मोठमोठी ऑफिसं आहेत आणि आमच्याकडे मी, सुयोग, नादिया आणि एक गळका एसी. सुयोगने नाव वाचलं, खुर्चीवरून उठला आणि परत बसला. त्याला काय करावं तेच सुचेना.

गेम काय आहे ते तुला आधी सांगितलंय, तरी परत सांगते, कारण तेव्हा तू टीव्ही बघत होतास. कुरारची आपली चाळ. खाली नळ, वर खोली. सकाळी थोडा वेळ पाणी येतं, आणि तेवढ्यात एका मुलीला घरातली सगळी भांडी भरायची असतात. ती मुलगी म्हणजे आई, लग्नाआधीची. बंदुका नाहीत, मारामारी नाही. रांगेत कुणाला पुढे सोडायचं, कुणाशी भांडायचं, आधी पिंप भरायचं की कळशी, एवढंच. आणि एक हाक मारायचं बटण आहे. ते दाबलं की ती भावाला बोलावते. भावाचा आवाज तुझा. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात येऊन माइकसमोर बोलला होतास ना, तो. तू अजून खेळला नाहीस. खेळशील?

दुसरी गोष्ट. कुरारची चाळ पाडायचं नक्की झालं. गिरणी बंद पडल्यावर आजोबांनी घेतलेली ती खोली महिनाअखेर नाही, पण डिसेंबरअखेर रिकामी करून द्यायची आहे. आई गेल्यापासून तिला कुलूपच आहे. बाकीचं सामान मी हलवीन, पण तांब्याचा मोठा हंडा माळ्यावर आहे आणि तो एकट्या माणसाला उतरवता येत नाही. टेम्पोवाल्याच्या माणसांनी त्याला हात लावावा असं मला वाटत नाही. एक रविवार येशील का? फक्त एक.

तुझी अपू


भटवाडी, घाटकोपर
१८ नोव्हेंबर

चि. अपू,

मी बोलतोय आणि जया टाइप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन तिचं आणि अभिमान माझा. गो बाय, नाव काढलंस! जयाने वाचून दाखवलं आणि मी तसाच बनियनवर खाली धावलो. आमचा सेक्रेटरी नंदकिशोर, त्याला सांगितलं. त्याने लगेच फळ्यावर लिहिलं, 'आपल्या लवू नेरूरकरांच्या भाचीचे जागतिक यश'. तुझं नाव लिहायला जागा उरली नाही, ते उद्या करू.

(बनियन नव्हे, शर्ट होता. बटणं लावली नव्हती. — जया)

मतदान आहे म्हणतेस? मग ते माझ्यावर सोड. अख्खी हयात मंडळात घालवली मी. भजन स्पर्धेत प्रेक्षकांची मतं असायची, तेव्हा भटवाडी कधी हरली नाही. परीक्षकाला गाणं कळावं लागतं, मतदाराला फक्त घरातून उठवावं लागतं. ती कला आहे आणि ती आपल्याकडे आहे.

गेम खेळायला माझे डोळे कुठे राहिलेत? पण माझा आवाजच आत आहे म्हटल्यावर मी खेळल्यासारखाच की. त्या दिवशी तू माझ्याकडून 'आलोच' किती वेळा म्हणून घेतलंस! हसत, घाईत, लांबून, तोंडात घास असल्यासारखं. तेव्हा वाटलं, हिला एवढं आलोच कशाला हवंय? आता कळलं. भाऊ हिरो असणार.

हंड्याची काळजी करू नकोस. आमच्या आईने वेंगुर्ल्याहून आणलेला हंडा तो, उतरवायला मीच पाहिजे. रविवारी आलोच.

तुझा मामा

(कुठल्या रविवारी, असं मी विचारलं. "टाइप कर," म्हणाले. — जया)


मरोळ
२४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

काल मी कुरारला दुपारपर्यंत थांबले होते. खालच्या रत्नप्रभाकाकूंनी चहा दिला आणि विचारलं, "लवू येणार होता ना गं?" मी म्हटलं, येईल. त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

माळ्यावर चढून बघितलं. हंडा तसाच आहे. त्याच्या तोंडावर आईने बांधलेलं लुगड्याचं फडकंही तसंच आहे. हात लावला आणि खाली उतरले.

मतांसाठी काही करू नकोस, हे अगदी मनापासून सांगते. हे मंडळाचं मतदान नाही. जे खेळलेत त्यांनी द्यायचं मत आहे, आणि ते देतायत. तुला ऐकून गंमत वाटेल, तुझं आलोच आता आपल्या घरापुरतं राहिलं नाही. पोलंडमधल्या एका बाईने लिहिलंय, तिच्या घरी जेवायला हाक मारली की सगळे खोलीतून "आलोच" ओरडतात. ब्राझीलच्या एका पोराने तो शब्द छापलेला टीशर्ट घातलाय, तोही देवनागरीत. नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजात मुलं हजेरीला तेच म्हणतात म्हणे. लँटर्नच्या पेजवर आमचं नाव आलं की खाली रांग लागते, आलोच, आलोच, आलोच.

ते सगळे असं का म्हणतात, ते सांगून कळायचं नाही, खेळलास तर कळेल. अर्धा तास दे, मामा. मामीला गेम लावता येतो.

येत्या रविवारी मी पुन्हा कुरारला जाते आहे.

अपू


भटवाडी
३ डिसेंबर

चि. अपू,

रविवारचं राहिलं, राग धरू नकोस. दत्तजयंतीचा मांडव, त्यात मांडववाल्याची दोन माणसं गावी गेलेली, बांबू कोण धरणार? तरी निघालो होतो, आईशप्पथ. रिक्षासुद्धा थांबवली होती.

(रिक्षा थांबवली हे खरं. थांबवली आणि तिच्यात नंदकिशोरच्या आईला बसवून दवाखान्यात पाठवलं. — जया)

मग काय करू? म्हातारी बाई उन्हात उभी होती.

पण काय गो, टीशर्टवर माझा शब्द! जयाने मला तो ब्राझीलचा पोरगा दाखवला. मी सगळ्या मंडळाला दाखवला. आमचा मांडववाला म्हणतो, लवूशेट, आता तुम्ही आंतरराष्ट्रीय झालात, सही द्या. चेष्टा करतो मेला, पण बरं वाटतं. आयुष्यभर मी ह्याचा बांबू धर, त्याचा जनरेटर बघ, एवढंच केलं. माझ्या तोंडचा एक शब्द एवढ्या लांब जाईल असं तुझ्या आईला, मालनला तरी वाटलं असतं का? ती असती तर म्हणाली असती, "लवू, आधी पाणी भर."

आता एक गुपित. मी तुझ्यासाठी काहीतरी करतोय. काय ते विचारू नकोस, निकालाच्या दिवशी कळेल. तू इतकी वर्षं एकटीने खपतेस, आता मागे माणसं उभी आहेत हे त्या कॅनडावाल्यांनाही कळू दे.

तुझा मामा

(मला सांगायची बंदी आहे. मी त्यात नाही एवढंच लिहिते. दुपारी हे झोपले की टॅब माझा असतो. काल पिंप पूर्ण भरलं. — जया)


भटवाडी
१३ डिसेंबर

चि. अपू,

काय झालं गो? आम्हाला काही कळेनासं झालंय.

सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. मांडववाल्याने प्रोजेक्टर आणला, मी पोहे सांगितले, सगळ्या बाया साड्या नेसून आल्या. कार्यक्रम मोठा झकास होता, दिवे काय, वाजंत्री काय. बाजूला लोकांच्या प्रतिक्रिया वर वर सरकत होत्या, त्यांत सारखं आलोच, आलोच, आलोच. एवढा पाऊस, की दुसरं काही वाचता येईना. आम्ही टाळ्या वाजवल्या. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

मग तुझा विभाग आला. त्यांनी चारच नावं घेतली! पाचवं घेतलंच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नंदकिशोर म्हणतो, सेटिंग आहे. मला पण तसंच वाटतं, कारण मतं आपल्याला कमी पडणं शक्यच नाही. आता गुपित सांगायला हरकत नाही. मागच्या शनिवारी मी हॉलमध्ये टेबलं मांडली. सोसायटीचं वायफाय, मांडववाल्याचे दोन लॅपटॉप. ज्यांना ईमेल नव्हता त्यांना पोरांनी तिथेच काढून दिला, नावं सुचेनात म्हणून सगळ्यांना भटवाडीलवू आणि पुढे आकडा. पासवर्ड सगळ्यांचा गणपतीबाप्पा. आपली सोसायटी, मागची चाळ, महिला मंडळ, सगळे रांगेत उभे राहिले. एकाने एकदाच मत द्यायचं. मत दिलं की मी स्वतः बोटाला मार्कर लावत होतो. एक जण दुसऱ्यांदा शिरला तर त्याला हाकलला, माझा साडू असला तरी. एवढं चोख मतदान मी मंडळातही केलं नव्हतं.

फक्त घरचीच एक बाई मत द्यायला तयार झाली नाही. म्हणते, "माझा अजून संपला नाही, संपला की बघीन." लोकांसमोर मान खाली गेली माझी.

(खरं आहे. मी नाही दिलं. — जया)

तू त्या लोकांना जाब विचार. गरज पडली तर मी येतो.

मामा


मरोळ
१४ डिसेंबर

लवूमामा,

मामी, हे सगळं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

सोहळ्याच्या आदल्या दिवशीच आम्हाला त्या विभागातून काढलं होतं. त्यांचं पत्र आलं. एकाच दुपारी, एकाच इंटरनेट कनेक्शनवरून, एकसारख्या नावांच्या नव्या ईमेलवरून मतांचा ढीग आला. त्यांच्या मशीनने तो बनावट धरला आणि नियमाप्रमाणे आमचं नावच वगळलं. कुणाला तरी आमचा काटा काढायचा आहे, असं मला काल सकाळपर्यंत वाटत होतं. सुयोगने एका दुसऱ्या स्टुडिओवर संशय घेऊन काय काय लिहायला घेतलं होतं. नादियाने त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला म्हणून बरं. मग तुझं पत्र आलं.

त्या सोहळ्यात जो आलोचचा पाऊस पडला, ज्याला तुम्ही टाळ्या वाजवल्यात, ते कौतुक नव्हतं मामा. बातमी तोवर बाहेर फुटली होती. लोक आमची टर उडवत होते. "मतं विकत घेणारा स्टुडिओ." "एवढ्या साध्या गेमच्या मागे एवढे लबाड लोक." पोलंडच्या त्या बाईने लिहिलं की आता तिला गेम उघडावासा वाटत नाही. मला सगळ्यात जास्त ते लागलं.

आणि आता दुसरंही सांगते. तू खेळला नाहीस, म्हणून तुला माहीत नाही. गेममधला भाऊ येत नाही. ती हाक मारते, तो आलोच म्हणतो, आणि येत नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच, तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ती एकटीच हंडा उचलते. लोक त्याला हसतात, शिव्या देतात, आणि आपल्या घरातल्या अशाच कुणाची तरी आठवण काढतात. टीशर्ट त्यासाठी आहे. तो हिरो नाही. ज्याच्यावर विसंबू नये त्याला आता जगभर आलोच म्हणतात.

माणसं खरी होती हे मला माहीत आहे. त्यांच्या बोटाला तू मार्कर लावलास, तुझ्या साडूला हाकललंस, सगळं खरं. पण त्यातल्या एकाने तरी गेम उघडून बघितला होता का? मला मतं नको होती. मी तुझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या, अर्धा तास आणि एक रविवार.

आता येऊ नकोस. हंडा मी सुयोगला घेऊन उतरवीन.

अपूर्वा


भटवाडी
२० डिसेंबर

अपू,

आज बोलणारी मीच आणि टाइप करणारीही मीच. हे बाहेर गेलेत. कुठे ते सांगून गेले नाहीत, म्हणजे मंडळात नाहीत.

तुझं पत्र मी सगळं वाचलं, गाळलं काही नाही. ते म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग खाली गेले आणि फळ्यावरचं स्वतःच्या हाताने पुसून आले. नंदकिशोर काय झालं विचारत होता, तर "माझी चूक झाली" एवढंच म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते पण नंदकिशोरसमोर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लिहायला बसवलं. मराठीतच. 'त्या गेममधला भाऊ मी आहे. मतांचं टेबल मी मांडलं. माझ्या भाचीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिने नको म्हणून सांगितलं होतं. माणसं खरी होती, पण ती खेळली नव्हती, मीसुद्धा नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मला सवय आहे.' हे मी त्या सोहळ्याच्या व्हिडिओखाली टाकलं आणि त्या कॅनडावाल्यांना पण पाठवलं. तुला कळवू नको म्हणाले. पण तू ते एव्हाना वाचलं असशीलच.

मग म्हणाले, "गेम लावून दे." चष्मा लावून दुपारभर बसले. बटण दाबायचे, स्वतःचा आवाज ऐकायचे आणि जिन्याकडे बघत राहायचे. मला वाटतं चौथी सकाळ असेल. त्यांनी बटण दाबलंच नाही, एकट्यानेच कळशी वर नेली. मग टॅब ठेवून दिला. "हा येत नाही गो," म्हणाले. तेव्हापासून हात लावलेला नाही.

आता माझं. माझा गेम गेल्या आठवड्यात संपला. मी बटण सोडलं नव्हतं. मला सवयच आहे बघ. मी रोज हाक मारते, हे आलोच म्हणतात, मी परत मारते. त्यात राग नसतो, माझी फोडणी जळत असते. तशी मी त्या मुलीच्या भावालाही रोज मारत राहिले. शेवटच्या सकाळी तिला ताप असतो. हंडा भरलाय, उचलत नाहीये, रांग मागे ओरडतेय. मी बटण दाबलं. ह्या वेळी काही आवाज आला नाही. नुसते हंड्याच्या पलीकडच्या बाजूला दोन हात लागले. मग दोघं मिळून जिना चढायला लागली, तो एक पायरी खाली आणि ती एक पायरी वर.

मला रडू आलं. ह्यांना दिसायला नको म्हणून कांदे घेतले चिरायला.

त्यानंतर मी बरंच शोधलं, पण ह्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही. सगळे म्हणतात भाऊ येत नाही. हे सगळ्यांना दिसतं का गं, की माझ्याच टॅबमध्ये काही बिघाड आहे?

मामी


मरोळ
२२ डिसेंबर

मामी,

टॅब ठीक आहे. आता मत द्यायला उशीर झाला, पण मला वाटतं तुझंच एक मत खरं होतं.

एकही सकाळ न चुकता हाक मारली तरच तो येतो. गेम येऊन इतके महिने झाले, पण तिथपर्यंत कोणी पोचलं नाही. लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी बटण सोडून देतात. सुयोग सारखा म्हणत होता, थोडं सोपं करूया, निदान कुणाला तरी दिसू दे. मी अडून बसले. जो हाक मारायचं सोडत नाही त्यालाच तो भेटावा असं मला वाटत होतं, कारण आई सोडायची नाही.

तू शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात तिच्याजवळ बसायचीस, पण त्या सकाळी तू डबा आणायला घरी गेली होतीस. नर्सने विचारलं, अजून कोणी यायचंय का? आई म्हणाली, "लवू येतोय." मामाने तिला फोनवर आलोच म्हटलं होतं. तो आला तेव्हा ती नव्हती. मामी, ती रागावली नव्हती गं. तिने अगदी खात्रीने सांगितलं होतं, लवू येतोय. तिच्या वाटचा राग सगळा मीच धरून ठेवला. आणि गेम करायला बसले तेव्हा तोच राग भरभरून घातला, आणि शेवटी तिची खात्री पण घातली, कारण ती माझी नव्हती, मला ती काढून टाकायचा हक्क नव्हता.

मामाचं लिहिलेलं मी वाचलं. पुण्याच्या एका मुलीने त्याचं इंग्रजी केलं, मग ते पुढे पोर्तुगीज, पोलिश कशाकशात गेलं. लोकांना आधी खरंच वाटेना की भाऊ खरा आहे. कुणी अजून लबाड म्हणतातच. लँटर्नवाल्यांनी त्याला सभ्य उत्तर पाठवलंय, पण नाव काही परत घेतलं नाही, आणि घेऊही नये. पोलंडची ती बाई मात्र परत आली. तिने लिहिलंय, "रोज सकाळी हाक मारली तेव्हा आला नाही. शेवटी एकदाचा मदतीला धावत आला, तो नेमका अख्खी गल्ली घेऊन आला आणि हंडा सांडला."

ते वाचून मी हसले. नादिया बघायला लागली, कारण हसता हसता माझा आवाज बदलला होता. मामी, तो खरंच आला होता. मी मागितलं तिथे नाही, त्याला जे येतं ते घेऊन आला. त्याला माणसं गोळा करता येतात, तेवढंच येतं. आणि मी त्याला लिहिलं, येऊ नकोस.

शेवटाचं त्याला सांगू नकोस. सांगितलंस तर तो गेममध्ये येतो म्हणून खऱ्यात येईल, आणि ते मला नको आहे. मला काय हवंय ते मला धड सांगता येत नाही.

हंडा अजून माळ्यावरच आहे. खोलीची किल्ली ३० तारखेला देऊन टाकायची आहे. सुयोग रोज विचारतो, कधी जाऊया? मी म्हणते, जाऊ, जाऊ. मीही आता मामासारखीच बोलायला लागलेय.

अपू


कुरार, मालाड पूर्व
रविवार, २८ डिसेंबर

अपू,

जया सोबत नाही. फोनवर एका बोटाने लिहितोय, म्हणून थोडक्यात.

मी चाळीत आलोय. खोलीला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडे. आज तू येणार आहेस की नाही मला माहीत नाही. तू बोलावलं नव्हतंस, येऊ नकोस म्हटलं होतंस, तरी आलो. जयाला पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खाली नंदकिशोरला कळलं असतं, आणि त्याचं काही ना काही निघालं असतं.

रत्नप्रभाने खुर्ची दिली. ती मला बघून हसली नाही, आत जाऊन गपचूप चहा ठेवला. नळाजवळ बसलोय. नळ कोरडा आहे. मालन रांगेत कुठे उभी असायची ते मला बरोबर आठवतंय, त्या मोडक्या पायरीपाशी. मी कुठे असायचो ते काही केल्या आठवत नाही.

तुझा गेम खेळलो. संपवला नाही. तीन सकाळी हाक मारली आणि मग कंटाळून सोडली. नंतर मनात आलं, मालनने कधी सोडली नव्हती. मला माझाच राग आला गो. मागच्या शनिवारी इथे येऊन गेलो होतो, पण चाळीच्या तोंडाशी आलो आणि परत फिरलो. वर काय तोंड दाखवू असं झालं. आज मात्र बसतो.

सुयोगने हंडा उतरवला असेल तर तसं कळव, मी घरी जाईन. नसेल तर बसून राहतो. संध्याकाळ झाली तरी चालेल, डबा आणलाय.

लवूमामा


रविवार, २८ डिसेंबर

मामा,

हंडा माळ्यावरच आहे, कुणी हात लावलेला नाही. किल्ली घेतली आणि रिक्षात बसले. रत्नप्रभाकाकूंना म्हणावं, माझाही चहा टाका. आणि कुलूप उघडल्यावर तू एकटाच माळ्यावर चढायला जाऊ नकोस, तो एकट्याने उचलायचा नाही.

आलेच.

अपू